पासंग

काटेसाहेबांचं आडनाव काटे नव्हतं. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून एकतीस वर्षं दुकानदारांचे काटे तपासले, तेव्हा बाजारानं त्यांना हे नाव बहाल केलं. ते इतकं चिकटलं की एकदा खात्याचं पत्रसुद्धा त्याच नावानं आलं. काटेसाहेबांनी 'सदर नावाची व्यक्ती येथे नाही' असा शेरा मारून ते परत पाठवलं. पत्रात त्यांची बढती होती.

अशा माणसाचा उजवा खांदा आखडला.

आधी हात डोक्यापर्यंत जाईना, मग कानापर्यंत, मग छातीच्या वर म्हणून जाईना. सदरा घालायचा तर आधी दुखरा हात बाहीत सोडायचा आणि मग उरलेल्या माणसाला त्याच्यामागून आत ढकलायचं, असा उलटा क्रम लागला. केस डाव्या हातानं विंचरायला लागल्यापासून भांग एका बाजूचा दुसऱ्या बाजूला गेला, आणि साहेब दुसरं लग्न करतायत अशी बाजारात बोलवा उठली.

त्यातच परिपत्रक आलं. पंचावन्नच्या वरच्या सगळ्या फिरत्या निरीक्षकांची दोन महिन्यांनी शारीरिक तपासणी. खात्याचं वीस किलोचं प्रमाण वजन जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवायचं, तीन वेळा. ज्याला जमणार नाही त्याची रवानगी अभिलेख कक्षात. अभिलेख कक्ष तळघरात होता. तिथला शेवटचा कर्मचारी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, तरी त्याचा जेवणाचा डबा अजून कपाटावर होता, आणि तो उघडून बघायची कुणाची छाती होत नव्हती.

काटेसाहेबांना डब्याची भीती नव्हती. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती आणि घरी बोलायला कुणी नव्हतं. बाजारात दिवसाला चाळीस माणसं त्यांच्याशी खोटं बोलायची, पण बोलायची. तळघरात कोण बोलणार होतं?

लेक दोन गल्ल्या सोडून राहायची. ती ड्रायव्हिंग शिकवायची, त्यामुळे समोरचा माणूस चुकायच्या आधीच ब्रेक दाबायची तिच्या पायाला सवय होती.

"बाबा, नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही. डॉक्टरच म्हणालेत, थेरपिस्टकडे जा. मी तीन नावं काढलीत."

"तीन कशाला? एकाला किती खांदे लागतात?"

"एक जमला नाही तर दुसरा. शिकाऊ माणसंसुद्धा मास्तर बदलतात."

"तुझी बदलतात?"

"माझी रडतात," लेक म्हणाली. "चला, बसा गाडीत."

पहिल्याचं क्लिनिक चकाचक होतं. भिंतीवर हसऱ्यापासून रडक्यापर्यंत गोल चेहऱ्यांची रांग होती आणि खाली शून्य ते दहा आकडे. सहाव्या क्रमांकाचा चेहरा काटेसाहेबांच्या वरिष्ठांसारखा दिसत होता. थेरपिस्ट तरुण, उमदा, आणि प्रत्येक गोष्ट दोघांत मिळून करणारा.

"आपण आता हात वर करू या. आपल्याला कितपत दुखतंय? शून्य ते दहा?"

"दोन," काटेसाहेब म्हणाले.

"दोन! म्हणजे काहीच नाही! आपण फार लवकर आलो, फार छान केलं."

तिथं दोन आठवडे शेक झाला, यंत्राच्या मुंग्या झाल्या. दर खेपेला दोन, आणि दर खेपेला छान. शेवटी तो म्हणाला, "आपण बरे झालो." तुम्ही झालात, मी नाही, असं काटेसाहेबांच्या ओठांवर आलं होतं. पण दोन हा आकडा त्यांनी स्वतः दिला होता, आणि दिलेल्या आकड्यावरून माघार घेणाऱ्यांना त्यांनी जन्मभर दंड ठोकला होता. जाता जाता त्यांनी क्लिनिकचा वजनकाटा तपासला. तो सव्वा किलो जास्त दाखवत होता. काटेसाहेबांनी त्याला सील ठोकलं. तिथं पुन्हा जायचा प्रश्न त्यामुळे निकालातच निघाला.

दुसऱ्या बाई मनाच्या होत्या. "दुखणं कधी कधी ताणाचंही असतं," लेक म्हणाली होती. खोलीत मऊ सोफा होता, कागदी रुमालांचा डबा होता आणि धबधब्याचा आवाज लावलेला होता. त्या आवाजानं काटेसाहेबांना दर दहा मिनिटांनी बाहेर जाऊन यावं लागायचं.

"मनावर ताण किती वाटतो? शून्य ते दहा?"

"एक."

"झोप?"

"येते."

"घरी एकटेपणा?"

"घर मोठं नाही," काटेसाहेब म्हणाले.

चौथ्या खेपेला बाईंनी वही मिटली. "तुमच्याइतका शांत माणूस माझ्याकडे आलेला नाही. खरं तर मीच तुमच्याकडून काही शिकायला हवं." मग त्या अर्धा तास स्वतःच्या नणंदेबद्दल बोलल्या. काटेसाहेबांनी मन लावून ऐकून घेतलं.

खाली गाडीत बसताना त्यांनी पट्टा ओढला आणि तोंडातून एक बारीक आवाज निघाला. दाराच्या फटीत बोट सापडल्यावर निघतो तसा.

लेकीनं किल्ली फिरवली नाही. "किती दुखलं?"

"दोन."

"बाबा, दोनचा असा आवाज नसतो."

तपासणीला चार आठवडे उरले होते.

तिसरी खोली सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या वर होती. एक पलंग, दोन स्टुलं, दाराला दोरी आणि कप्पी, आणि भिंतीवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा. चाळिशीच्या बाई बाह्या वर सारून बसलेल्या होत्या. लेक एका स्टुलावर टेकली. बाईंनी काटेसाहेबांचा हात मनगटाला धरून हळूच वर न्यायला सुरुवात केली. छातीपाशी येईस्तोवर त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले.

"किती? शून्य ते दहा?"

"दोन."

बाईंनी घामाकडे बघितलं. हात सावकाश खाली ठेवला आणि विचारलं, "काका, तुमचं दहा म्हणजे काय?"

"म्हणजे?"

"दहा कशाला धरलंय? माझ्याकडे एकजण येतो, त्याचं दहा म्हणजे त्याची सासू. त्याची टाच दुखते, पण सगळं सासूच्या मापानं सांगतो. तसं तुमचं काय?"

काटेसाहेब ताठ बसले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी कामाचा प्रश्न विचारला होता.

"बरोबर विचारलंत," ते म्हणाले. "दुकानदाराचं वजन आम्ही आमच्या वजनाशी ताडून बघतो. आमचं त्याहून चांगल्या वजनाशी ताडतात. आणि ते मुख्यालयातल्या वजनाशी, जे काचेखाली असतं. त्याला हात लावायचा नाही, चिमट्यानं उचलायचं. बोटाचा घामसुद्धा लागता कामा नये. त्याच्यावर सगळं खातं उभं आहे."

"आणि तुमच्याकडे असं काचेखाली काय आहे?"

"हिची आई."

खाली कुणीतरी सायकलमध्ये हवा भरत होतं.

"आठ महिने आजारी होती. शेवटी हाडांत गेलं. दवाखान्यात सिस्टर रोज सकाळी हाच प्रश्न विचारायची. हिची आई चार म्हणायची, पाच म्हणायची. एकदा साडेचार म्हणाली. सिस्टर हसली, साडे नसतं म्हणाली. पण दुखणं होतं साडेचारच, तर ती पाच कशी सांगणार? कधी वाढवून बोलली नाही. तर बावीस तारखेला सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी सिस्टरनं विचारलं. हिच्या आईनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, दहा. मी तिथं होतो. मी बघितलंय दहा काय असतं ते. पासंग माहीत आहे तुम्हाला? खोटा काटा समतोल दिसावा म्हणून हलक्या पारड्याखाली खडा लपवतात, तो. तिच्या दुखण्याच्या पासंगालाही माझं हे पुरत नाही. दोनसुद्धा मी जरा चढवूनच सांगतो."

बाईंच्या आधी लेकच बोलली.

"बाबा, ते दहा खरं नव्हतं."

"काय नव्हतं?"

"आईनं मुद्दाम सांगितलं होतं. आठच्या वर म्हटलं की मोठे डॉक्टर स्वतः येतात, हे तिनं हेरून ठेवलं होतं. तुम्ही चार दिवस त्या खुर्चीतून उठला नव्हतात. अंघोळ नाही, जेवण नाही, दाढी एवढी वाढलेली. मी सांगून थकले, ती सांगून थकली. आदल्या संध्याकाळी मला म्हणाली, उद्या मोठ्यांना बोलावते, तुझ्या बाबांना कुणी वरच्यानं सांगितल्याशिवाय पटत नाही."

काटेसाहेबांना आठवलं. मोठे डॉक्टर आले होते, बायकोला तपासलं होतं आणि मग त्यांच्याकडे वळून म्हणाले होते, तुम्ही घरी जा आणि झोपा, हा माझा हुकूम आहे. आता काही उरलं नाही म्हणूनच आपल्याला बाहेर काढतायत असं त्यांना तेव्हा वाटलं होतं. ते घरी जाऊन अकरा तास झोपले होते. बायको त्यानंतर एकोणीस दिवस होती.

"मग खरं किती होतं?"

"मी विचारलं होतं," लेक म्हणाली. "म्हणाली, सहा धर."

"धर?"

"असंच म्हणाली."

एकतीस वर्षं ज्या माणसानं लोकांच्या पारड्याखाली हात घालून खडे काढले, तो दोन वर्षं सिस्टरपुढे मारलेल्या थापेनं स्वतःचं दुखणं तोलत होता. आणि ती थाप मारली होती साडेचारला साडेचार म्हणणाऱ्या बाईनं.

"तू मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही ते असं काचेखाली ठेवून दिलंय, हे मला काय माहीत? मला वाटलं विसरलात."

काटेसाहेबांनी खिशातून पेन काढलं, आणि सवयीनं तळहातावरच गणित मांडलं. "दहाच्या जागी सहा धरले, तर माझे दोन म्हणजे तीन पूर्णांक तेहेतीस."

"काका," बाई म्हणाल्या, "तीन पूर्णांक तेहेतीसला इतका घाम येत नाही."

तेव्हा काटेसाहेब रडायला लागले. रडताना खांदा हलायचा, हलला की कळ जायची आणि कळ गेली की रडणं मध्येच अडायचं. धड रडताही येईना. बाईंनी पलंगावरची उशी घेऊन त्यांच्या काखेखाली सरकवली, हात तिच्यावर टेकवून दिला आणि म्हणाल्या, "आता बघा." मग जमलं. बराच वेळ जमलं. लेकीनं त्यांचा डावा हात धरून ठेवला होता, आणि तिचा एक पाय नसलेल्या ब्रेकवर घट्ट दाबलेला होता.

सगळं शांत झाल्यावर काटेसाहेबांनी परिपत्रकाचं सांगितलं. वीस किलो, तीन वेळा, चार आठवडे.

"नाही होणार," बाई म्हणाल्या.

"म्हणजे, प्रयत्न केला तर?"

"प्रयत्न केला तर दात आवळून उचलाल एक दिवस, आणि आहे तोही हात घालवून बसाल. असला खांदा सुटायला महिने लागतात. मी जादूगार नाही. सहा महिन्यांनी विचारा, तेव्हा बोलू. तुम्ही असं करा, तीन वेळा या. काहीच फरक वाटला नाही तर चौथं कुणी शोधा. मला राग येणार नाही. आला तर मी गिळीन."

"आणि तुमच्याकडे आलो तर काय करायचं?"

"मी करते ते सोसायचं, सांगते ते घरी करायचं, आणि खोटं सांगायचं नाही. आकडे बंद. तुमच्या आकड्यांवर सध्या माझा विश्वास नाही. शब्द सांगायचे."

शब्द मात्र काटेसाहेबांकडे एकच निघाला, दुखतं. लेकीनं गाडी चालवता चालवता त्यांना शिकवणी दिली. ठणकतं म्हणजे दाताचं दुखतं तसं, आतून ठोके पडल्यासारखं. सणक म्हणजे एकदम येऊन जाते ती. आवळतं, ओढतं, भगभगतं, बधिर होतं. काटेसाहेबांनी सगळे शब्द वहीत उतरवून घेतले आणि चौथ्या दिवशी बाईंना गंभीरपणे सांगितलं, "आज ठणका नाही. ओढ आहे, आणि कोपराकडे किंचित भगभग."

"शाब्बास," बाई म्हणाल्या, आणि ओढ होती तिथंच अंगठा दाबला.

दोरीनं हात वर ओढायचा, बोटांनी भिंत चढायची, जिथवर बोटं पोचतील तिथं बाई पेन्सिलीनं रेघ मारायच्या. कधी रेघ वर जायची, कधी कालच्याच रेघेवर दुसरी रेघ, एकदा तर खालीच आली. त्या दिवशी काटेसाहेब रेघेशी भांडले. बाई म्हणाल्या, "भिंतीला सील ठोकू नका, भाड्याची आहे."

दुखणं कधी वाढतं ते लिहून आणा, असंही त्यांनी सांगितलं होतं. वहीत रोज एकच वेळ निघाली. संध्याकाळी सहा, घराचं कुलूप उघडताना.

"कुलूप जड आहे का?"

"नाही. किल्ली तर मी डाव्या हातानं लावतो."

बाईंनी त्यांना दारापाशी उभं केलं आणि खोटंखोटं कुलूप उघडायला लावलं. काटेसाहेबांचे दोन्ही खांदे आपसूक कानांपाशी जाऊन बसले. आठ महिने त्यांनी बायकोला याच खांद्याच्या आधारानं पलंगावरून उठवलं होतं, बसवलं होतं, कूस बदलून दिली होती. घरात पाऊल टाकायच्या आधी खांदा अजून तयारीत राहत होता.

"हे माझ्या एकटीचं काम नाही," बाई म्हणाल्या. "त्या ताणाच्या बाईंकडेही परत जा. तुम्हीच म्हणालात ना, त्यांना एक सांगितलं म्हणून?"

काटेसाहेब गेले. सोफ्यावर बसल्या बसल्या म्हणाले, "मागं मी एक सांगितलं होतं. ते माप चुकीचं होतं. आणि तेवढं पाणी बंद करा." बाईंनी धबधबा बंद केला आणि म्हणाल्या, "मागच्या वेळी मीही नको तितकं बोलले. चुकलंच माझं. आपण पहिल्यापासून सुरू करू या का?" त्या दिवशी काटेसाहेबांनी बावीस तारखेबद्दल सांगितलं, आणि मग त्या एकोणीस दिवसांबद्दल.

चार आठवड्यांत रेघ चार बोटं वर गेली.

तपासणीच्या दिवशी टेबलाशी वैद्यकीय अधिकारी होते आणि शेजारी तक्ता घेतलेला कारकून. जमिनीवर वीस किलोचं लोखंडी वजन होतं, वर कडी असलेलं. काटेसाहेबांनी गुडघे वाकवले, दोन्ही हातांनी कडी धरली आणि वजन टेबलावर ठेवलं. खाली आणलं. दुसऱ्यांदा उचललं तेव्हा गुडघ्यापर्यंत आलं आणि सणक गेली. दात आवळले तर आणखी दोनदा होईल, हे त्यांना ठाऊक होतं. एवढ्या वर्षांच्या अंदाजात ते चुकत नव्हते.

त्यांनी वजन परत जमिनीवर ठेवलं.

"काय झालं?"

"दुखतंय."

"किती? शून्य ते दहा?"

"सणक येते. खांद्यातून कोपरापर्यंत. नंतर ठणकत राहतं."

"अहो साहेब, इथं आकड्याचा रकाना आहे." अधिकारी भला माणूस होता. त्यानं आवाज खाली आणला. "तीनपर्यंत पास आहे. दोन लिहितो, काय? एक तर तुम्ही ठेवलंतच, राहिलेली दोन झाली असं समजू. बाजार कशाला सोडता? तळघरात काय आहे?"

काटेसाहेबांच्या डोळ्यांसमोर दुपारचा बाजार उभा राहिला. हाताच्या अंतरावर मांडलेली पारडी, आणि 'साहेब, कालच तपासून घेतलाय हो' असं शपथेवर सांगणारे चाळीसजण. दोन हा आकडा तर पाठच होता.

"दोन नाही," ते म्हणाले.

"मग किती?"

"आकडा सध्या माझ्याकडे नाही. बरंच दुखतं."

"बरंच कसं लिहिणार?"

"ब रं च," काटेसाहेब म्हणाले.

अधिकाऱ्यानं त्यांच्याकडे बघितलं, मग तक्त्याकडे, आणि रकान्यात 'बरंच' असं लिहिलं. कारकुनानं ते वाचून कपाळाला आठ्या घातल्या आणि खाली शेरा लिहिला. सहा महिने अभिलेख कक्ष, त्यानंतर फेरतपासणी. काटेसाहेबांनी सही केली. सही डाव्या हातानं केली, म्हणून ती कुणा दुसऱ्याचीच वाटत होती.

"पुढचे बाहेर थांबलेत," कारकून म्हणाला. "हे वजन तेवढं जागेवर सरकवता का साहेब?"

"मला नाही जमणार," काटेसाहेब म्हणाले. "तुम्ही उचला."

अधिकारी आणि कारकून दोघेही वाकले. एकानं कडी धरली, दुसऱ्यानं बूड धरलं. दोघांनी वेगवेगळ्या वेळी जोर लावला, एकमेकांच्या पायावर पाय दिला आणि वजन कसंबसं वीतभर वर आलं. अधिकाऱ्याचा चेहरा लाल झाला होता.

"अहो, हे वीसच आहे ना?"

"वीसच आहे," काटेसाहेब म्हणाले. "पण जड आहे."